चौदा तारखेआधी क्लच

९ मार्च, रविवार

"क्लच जड आहे." आज सकाळपासून बाबांनी हे सहाव्यांदा सांगितलं. सातव्यांदा सांगण्याआधी मी पाना खाली टाकला आणि वर निघून आले.

कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका मोजून लिहिते. क्वालिटी डिपार्टमेंटला त्याचाच पगार मिळतो. आता या घरच्या प्रकरणाचीही नोंद ठेवावी म्हणते, नाहीतर डोक्याचा भुगा होईल.

प्रकरण असं आहे. बाबांची मोटरसायकल सत्त्याऐंशी सालची. आम्ही तीन वर्षांपूर्वी बदलापूरला खरवईच्या या नव्या बिल्डिंगमध्ये आलो, पण चौदा एप्रिलला बाबा अंबरनाथच्या जुन्या वस्तीतच असतात. जयंतीच्या मिरवणुकीत त्यांची गाडी सगळ्यात पुढे. हँडलला निळा झेंडा, सीटवर पांढऱ्या शर्टातले भीमराव, म्हणजे आमचे बाबा, आणि मागे अख्खी वस्ती. माणसं चालतात त्या वेगाने गाडी न्यायची, म्हणजे चार तास क्लच अर्धा दाबून ठेवायचा. एवढ्या वेळात गाडी एकदाही बंद पडू द्यायची नाही, हा बाबांचा नियम. सदतीस वर्षं पडली नाही. गेल्या वर्षी तीनदा पडली. मागून डीजेवाल्याने हॉर्न मारला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

आज मंडळाचा अध्यक्ष उन्मेष घरी आला होता. चहा पिऊन, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "काका, राग मानू नका, पण यंदा ओपन जीप सांगितलीय. तुम्ही आरामात बसा ना जीपमध्ये."

"जीपमध्ये पाहुणे बसतात," बाबा म्हणाले.

"ताई, तुम्ही तरी समजवा यांना."

समजवायला हवं होतं. पण तो 'आराम' शब्द ऐकून माझंच टाळकं सरकलं. म्हटलं, "गाडी मी दुरुस्त करते. मग बोल." उन्मेष तसा वाईट नाही. सहा एप्रिलला, रविवारी, वस्तीच्या मैदानावर गाडी चालवून दाखवायची, नीट चालली तर जीप कॅन्सल, असं ठरवून गेला. म्हणजे हे लचांड मीच गळ्यात बांधून घेतलं.

११ मार्च, मंगळवार

ऑफिस सुटल्यावर गाडी घेऊन उल्हासनगरला गेले. मुकेश वीस वर्षं बाबांच्या गाडीचं काम करतो. स्पेअर पार्टचं दुकान पुढे, गॅरेज मागे. त्याने क्लच दोन बोटांनी दाबला, सोडला, परत दाबला.

"दीदी, ये तो मक्खन है."

"बाबा म्हणतात जड आहे."

"अंकल को बोलो, फॉल्टच नाय तर मी रिपेअर काय करू?"

तरी त्याने नवी क्लच वायर दिली. जुनी वायर आतून गंजली असेल तर ओढायला जोर लागतो, म्हणाला. मी निघाले तेव्हा त्याने विचारलं, "अंकल खुद क्यों नहीं आते आजकल?" म्हटलं, त्यांना आता घरबसल्या हुकूम सोडायची सवय लागलीये. तो हसला नाही.

१६ मार्च, रविवार

वायर घातली. आत तेल सोडलं, वळणं सरळ करून घेतली, लिव्हरला तीन मिलिमीटर मोकळी चाल ठेवली. कंपनीतून लटकवायचा वजनकाटा आणला होता, तो लिव्हरच्या टोकाला अडकवून ओढला. जुन्या वायरने सात किलोला क्लच सुटत होता, नव्या वायरने पाच किलोला. दोन्ही आकडे वहीत लिहून बाबांपुढे धरले.

बाबांनी लिव्हर धरली. खांद्यातून जोर लावला. "जड आहे."

"पाच किलो आहे, बाबा! दळणाची पिशवी याहून जड असते."

"गेल्या महिन्यापेक्षा जड आहे."

काटा खोटं बोलत नाही. म्हणजे उरलं कोण? माझा पारा चांगलाच चढला होता. हा माणूस कारखान्यात फिटर होता, बारा वर्षांची असताना मला व्हर्नियर धरायला यांनीच शिकवलं. तेव्हापासून माझ्या कुठल्याही कामाला यांनी छान म्हटलेलं नाही. फार तर "चालेल". लग्न मोडून मी परत आले तेव्हासुद्धा "चालेल" म्हणाले होते.

वर गेले तर आई त्यांच्या शर्टाची बटणं लावून देत होती. एकाहत्तर वर्षांचा माणूस आणि हे लाड! मी म्हटलंसुद्धा, "गयाबाई, आता भरवतही जा." आई मान खाली घालून बटणं लावत राहिली.

२० मार्च, गुरुवार

बाबांनी आज परत कप फोडला. या महिन्यातला तिसरा. मी म्हटलं, लक्ष कुठे असतं तुमचं? तर म्हणे, कप गुळगुळीत आहे.

२३ मार्च, रविवार

आज क्लच पूर्ण उघडला. पार्किंगमध्ये पत्र्याचं घमेलं, खाली वर्तमानपत्रं, आणि सोसायटीचा सेक्रेटरी दर पंधरा मिनिटांनी येऊन फरशीवर तेल सांडलंय का बघत होता. शेवटी मी त्याच्या हातात बॅटरी दिली आणि म्हटलं, आला आहात तर इथे उजेड धरा. पाच मिनिटं धरली बिचाऱ्याने.

आत फार काही वाईट निघालं नाही. प्लेटा अर्ध्या झिजलेल्या. प्लेटा ज्या खाचांमधून पुढेमागे सरकतात त्या खाचांना बारीक खड्डे पडले होते, ते कानशीने घासून सपाट केले. बाबा स्टूल टाकून बसले होते. "त्या कडेने घास. एका दिशेने. दाबू नको." तीन तास नुसतं तोंड चालू. पूर्वी माझ्या हातून पाना हिसकावून घ्यायचे, "सरक, मी करतो" म्हणायचे आणि मला त्याचा संताप यायचा. आज मीच म्हटलं, "तुम्ही धरा ना जरा नट." तर म्हणे, "तू कर. तुला यायला पाहिजे."

मला यायला पाहिजे! चव्वेचाळिसाव्या वर्षी मी काय मेकॅनिकचं दुकान टाकणार आहे?

सगळं बसवून काटा लावला. साडेचार किलो. बाबा म्हणाले, जड आहे.

२७ मार्च, गुरुवार

बाबांना नवीन खूळ लागलंय. रोज संध्याकाळी मी कामावरून आले की पार्किंगमध्ये गाडी काढायची, मी बसायचं आणि ते शेजारून चालणार. "माझ्या चालीने चालव." क्लचची परीक्षा म्हणे. आज बारा फेऱ्या झाल्या. चारदा गाडी बंद पडली. दर वेळी एकच शब्द, "परत."

मी वैतागून म्हटलं, "गाडी तुम्हाला चालवायची आहे. तुम्ही बसा, मी चालते."

"मला बाहेरून ऐकायचंय."

"काय?"

"आवाज. तू क्लच एकदम सोडतेस. बोटांनी नको सोडू, मनगटाने सोड. इंजिन दबायला लागलं की थोडा घ्यायचा, मोकळं झालं की थोडा सोडायचा. बघून नाही, ऐकून."

माझं मनगट आखडलंय. लिहितानासुद्धा दुखतंय. आणि एवढं करून क्लच जड तो जडच.

३० मार्च, रविवार

सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला उल्हासनगरला पोचले. मुकेशचं शटर खाली. शेजारच्या दुकानदाराने मी परग्रहावरून आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "आज चेटीचंड आहे ना, दीदी." सगळा बाजार बंद, रस्त्यावर सरबत वाटणं चालू. सिंध्यांचं नवीन वर्ष, आणि मराठी माणसाचा पाडवाही आजच. घरी आई सकाळी म्हणाली होती, आज कोण उघडं असणार? मी ऐकलं नाही. दोन ग्लास सरबत पिऊन परत आले.

२ एप्रिल, बुधवार

आज हाफ डे टाकून मुकेशकडे गेले आणि सरळ सांगितलं, नरम स्प्रिंग टाक. क्लचला चार स्प्रिंग असतात. त्या प्लेटांना एकमेकींवर दाबून धरतात, म्हणून चाकाला ताकद मिळते. त्या नरम केल्या तर लिव्हर हलकी होते, पण प्लेटा घसरू शकतात. हे मला माहीत आहे. लहान इंजिनाच्या गाडीच्या स्प्रिंगा या गाडीत घालायच्या नसतात, हेही माहीत आहे. कंपनीत असलं काही कोणी केलं असतं तर मी लाल शेरा मारून माल परत पाठवला असता.

मुकेशने हात जोडले. "दीदी, ये गलत काम है. चढाव पे प्लेट सरकेगी."

"मिरवणुकीच्या रस्त्यात चढ नाही."

"अंकल को एक बार इधर भेजो ना. मला बोलायचंय त्यांच्याशी."

"माझ्याशी बोल. टाक स्प्रिंग."

टाकल्या. काट्यावर अडीच किलो. घरी येऊन बाबांच्या पुढ्यात गाडी उभी केली. त्यांनी लिव्हर दाबली, सोडली, दाबली. आणि म्हणाले, "हा बरा आहे."

हा बरा आहे! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन सेक्रेटरीलासुद्धा पेढा देऊन आले.

६ एप्रिल, रविवार

लिहायची इच्छा नाही, पण लिहिते.

मैदानावर अकराला पोचायचं होतं. मी चालवत होते, बाबा मागे. अंबरनाथचा उड्डाणपूल अर्धा चढलो आणि इंजिन नुसतं ओरडायला लागलं. गाडी पुढे जाईना. अॅक्सिलरेटर दिला की आवाज वाढायचा, वेग कमी व्हायचा. जळका वास सुटला. मागून बस, टेम्पो, रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न. एक रिक्षावाला बाहेर डोकावून म्हणाला, "मावशी, भंगारात द्या." मावशी मला म्हणाला.

उतरून ढकलत पूल चढले. बाबा एका हाताने मागून जोर लावत होते. एकाच हाताने! मला त्याचाही राग आला. मैदानावर पोचलो तेव्हा एक वाजला होता, उन्मेष आणि दोघं-तिघं सावलीत बसले होते. गाडी दाखवण्यासारखी राहिलीच नव्हती. उन्मेष काही वेडंवाकडं बोलला नाही. "राहू द्या काका, जीप आहेच," एवढंच म्हणाला. बाबा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बघत उभे होते.

टेम्पोत गाडी टाकून घरी आणली. मी बाबांना नको ते बोलले. तुमच्या हट्टापायी चांगला क्लच मी माझ्या हाताने बिघडवला. तुम्हाला मी केलेलं काही पटतच नाही. मुलगा असता तर पटलं असतं का, असंही बोलले. ते उठून आत गेले. मला वाटलं, पटलं असतं म्हणूनच निघून गेले.

७ एप्रिल, सोमवार

आज कामावर गेले नाही.

सकाळीही माझा राग गेला नव्हता. काटा घेतला, हॉलच्या खिडकीच्या गजाला अडकवला आणि बाबांना म्हटलं, "ओढा. पाच किलो म्हणजे किती, ते तुमचं तुम्हाला कळू दे."

त्यांनी उजव्या हाताने ओढला. चौदा किलो.

"क्लच उजवीकडे असतो का? डाव्याने."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई मेथी निवडत होती, तिने जुडी खाली ठेवली. बाबांनी डाव्या हाताची चार बोटं हुकात घातली आणि ओढलं. काटा पावणेतीनवर जाऊन थरथरायला लागला.

"नीट ओढा," मी म्हटलं.

"नीटच ओढतोय, यशो."

मी काट्याकडे बघत राहिले. पावणेतीनच्या वर जाईना. मग दोन झाला. मग त्यांनी हात काढून घेतला आणि उजव्या हाताने डावा हात मांडीवर ठेवला.

गेल्या जयंतीच्या आधीपासून असं आहे, आईने सांगितलं. आधी बोटांना मुंग्या यायच्या, मग दिवाळीपासून जोर कमी होत गेला. "तुला कळलं तर तू गाडीची चावी लपवशील म्हणाले. चौदा तारीख होऊ दे, मग सांगू म्हणाले."

"आणि तू ऐकलंस?"

"मग काय करू? बटणं लावत होते ना मी."

एक महिना मी लिव्हर मोजली. वायर मोजली, चाल मोजली, स्प्रिंगा मोजल्या. रोज सांगत होता माणूस, रोज जड होतंय. आणि मी लिहून ठेवत होते की काटा खोटं बोलत नाही. मला माझीच इतकी लाज वाटली की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मग बाहेर येऊन दोघांवर पुन्हा ओरडले, कारण दुसरं काही सुचेना.

१० एप्रिल, गुरुवार

डॉक्टर झाला, एमआरआय झाला. मानेतली नस दबली आहे. वेळेत आलात म्हणाले, पण मला ते माझं समाधान करायला बोलल्यासारखं वाटलं. ऑपरेशन महिनाअखेर. तोवर गाडी चालवायची नाही, वजन उचलायचं नाही, झटका बसू द्यायचा नाही. चालायला हरकत नाही.

संध्याकाळी गाडी टेम्पोत टाकून मुकेशकडे गेले. जळलेल्या प्लेटा काढल्या. नव्या प्लेटा त्याने सकाळपासून तेलात भिजत घालून ठेवल्या होत्या आणि जुन्या कडक स्प्रिंगा कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या. "मालूम था वापस आओगी." मी विचारलं, तुला बाबांचं माहीत होतं? म्हणाला, "दिवाळीला आले होते. पाना हातातून पडला दोनदा. मुझे बोले, बेटी को मत बोलना."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. क्वालिटी डिपार्टमेंट सोडून.

घरी आले तर बाबा उन्मेषशी फोनवर. "जीप मागं ठेव. गाडी पुढंच राहील. यशोधरा चालवेल."

मी हातवारे करून नाही नाही म्हणत होते. फोन स्पीकरवर होता. उन्मेष म्हणाला, "ताईंना जमेल का चार तास?"

"महिनाभर चालवतेय ती."

"बाबा, मी चालवत नव्हते, मी क्लच तपासत होते!"

"तेच," बाबा म्हणाले. उन्मेषने विचारलं, मग तुम्ही जीपमध्ये ना? बाबा म्हणाले, नाही, मी चालत. झेंडा घेऊन, गाडीच्या पुढं.

मला कोणी विचारलंच नाही. या माणसाचं काय करावं कळत नाही.

१३ एप्रिल, रविवार

सकाळपासून पार्किंगमध्ये वीस फेऱ्या मारल्या, दोनदा बंद पडली. सेक्रेटरी खुर्ची टाकून बघत होता.

बाबा खाली आले, लिव्हरजवळ वाकून बघितलं. "प्लेटा गरम झाल्या की चाल बदलेल. हा नट चालता चालता हातानेच फिरवायचा. खाली बघायचं नाही." मी विचारलं, आणि बंद पडली तर? ते वर निघून गेले. निदान खोटा धीर तरी द्यायचा.

१५ एप्रिल, मंगळवार

काल लिहिणं शक्यच नव्हतं.

पाचला विहारापासून निघालो. बाबा पुढे, उजव्या हातात झेंडा, डावा हात खिशात. त्यांच्यामागे दहा पावलांवर मी, माझ्यामागे मुलींचं लेझीम, मग डीजे, जीप आणि माणसं. आणि हा माणूस चालेना! अडतीस वर्षं गाडीवरून ज्यांना नुसती मान हलवली त्या प्रत्येकाला आता थांबून जय भीम. विठामावशीच्या दारात थांबले. पानवाल्याशी थांबले. पाच पावलं चालायचे, दोन मिनिटं उभे. मला क्लच घ्यावा लागे, सोडावा लागे, परत घ्यावा लागे. मी मागून ओरडत होते, "बाबा, चला हो पुढे!" डीजेत कोणाला काय ऐकू येणार?

तीन तास निघाले. दोनदा नट फिरवला, खाली न बघता. बोटं बधिर झाली, मनगटाला वळ उठला. पुतळ्याच्या आधीच्या चौकात गर्दी अंगावर आली, एक बाई लेकराला घेऊन गाडीपुढून गेली, मी क्लच एकदम सोडला. गाडीने आचका दिला आणि बंद पडली.

किक मारली. नाही. दुसरी मारली. नाही. लेझीमच्या मुली थांबल्या. मागून पहिली शिट्टी आली. गेल्या वर्षीचं सगळं डोळ्यांपुढे आलं. सगळ्या वस्तीसमोर, बाबांच्या गाडीवर, मी.

बाबा दहा पावलं पुढे थांबले होते. डीजेच्या आवाजात त्यांना इंजिन बंद पडलेलं कसं कळलं कोण जाणे. मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी झेंडा उंच केला आणि आडवा फिरवला, डीजेवाल्याला थांबायची खूण. गाणं बंद झालं. मग बाबांनी घोषणा दिली. एवढ्या मोठ्याने ते कधी ओरडलेले मला आठवत नाहीत. सगळ्या चौकाने उत्तर दिलं. दुसरी घोषणा. तिसरी. मी किक मारत होते. आठवी किक होती बहुतेक. बाबांचा आवाज फाटला होता, तरी ते थांबेनात, आणि मागच्या माणसांना वाटत होतं की मिरवणूक घोषणांसाठी थांबली आहे. बायका दारात येऊन हात वर करत होत्या. गाडी सुरू झाली. बाबांनी झेंडा खाली घेतला आणि चालायला लागले.

पुतळ्यापर्यंत परत बंद पडली नाही.

हार घालून झाल्यावर उन्मेष आम्हाला पाणी घेऊन आला. बाबा पायरीवर बसले होते, आवाज घोगरा झाला होता. "काका, चौकात थांबून घोषणा दिल्यात ते एक नंबर झालं. आपल्या कार्यक्रमात नव्हतं, पण दरवर्षी करू."

गाडी बंद पडली म्हणून थांबलो, हे मी सांगणारच होते. एक दशांश मिलिमीटरही सोडायचा नाही, हे मला यांनीच शिकवलंय. मी तोंड उघडलं, तर बाबांनी उजवा हात वर करून मला थांबवलं.

"तिथं थांबायचं आम्ही आधीच ठरवलं होतं," ते उन्मेषला म्हणाले. "मी आणि यशोने."

आम्ही काहीही ठरवलं नव्हतं.